वाडा, सुतक आणि सेवा : 'वाडा चिरेबंदी'चा एक अभ्यास

१

महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' हे नाटक १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' व 'युगान्त' ही दोन नाटके त्यास जोडली जाऊन त्याची नाट्यत्रयी झाली. १९९४ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'आविष्कार'साठी ती एकत्र सादर केली. 'युगान्त'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. या नाट्यत्रयीविषयी, आणि विशेषतः तिच्या पहिल्या भागाविषयी, मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या बहुतेक लेखनाचा सूर एकच आहे. विदर्भातील एका जमीनदार ब्राह्मण घराण्याचा ऱ्हास, एकत्र कुटुंबाची मोडतोड, गाव व शहर यांमधील ताण, आणि या सर्वांवर पसरलेली एक करुण छाया, असे या नाटकाचे वर्णन करण्याची प्रथा पडून गेली आहे. हे वर्णन चुकीचे नाही. मात्र ते अपुरे आहे. ऱ्हास झाला असे म्हटल्याने तो कोणाच्या अंगावर पडला याचे उत्तर मिळत नाही. घराण्याचे वैभव जाते तेव्हा घरातील सर्वच माणसे सारखी गरीब होत नाहीत. आणि घरात मृत्यू येतो तेव्हा सर्वांनाच शोक करण्याची सारखी मोकळीक असत नाही.

प्रस्तुत लेखात या नाटकाकडे एका साध्या प्रश्नाच्या आधारे पाहावयाचे आहे. या वाड्यात काम कोण करतो? नाटकातील पात्रे दहा आहेत : दादी, आई, भास्कर, वहिनी, सुधीर, अंजली, चंदू, प्रभा, पराग आणि रंजू. अकरावे पात्र तात्याजी. ते मरण पावलेले असल्यामुळे रंगमंचावर येत नाहीत, तरी नाटकाचा सारा भार त्यांच्या मृत्यूवर उभा आहे. या यादीत गडी नाही, स्वयंपाकीण नाही, कारभारी नाही, मोलकरीण नाही. धरणगावच्या देशपांड्यांच्या एवढ्या मोठ्या वाड्यात, ऐन सुतकात, एकही चाकर पात्रम्हणून नाही, ही गोष्ट सहज घडलेली म्हणता येत नाही. नाटकाच्या आशयाचा तो पाया आहे. चाकर गेले तरी चाकरी संपत नाही. ती घरातल्याच माणसांच्या वाट्याला येते, आणि तात्याजींच्या मृत्यूचा शोक कोणी किती व कसा करावयाचा हे पुष्कळ अंशी या वाटणीवर ठरते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम शीर्षकातील शब्दाचाच विचार करणे इष्ट ठरेल. 'वाडा' हा शब्द संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण घातलेली जागा या शब्दापासून आला आहे. मराठीत त्याच्या अर्थाच्या तीन शाखा झालेल्या दिसतात. गुरे कोंडण्याची जागा तो गुरांचा वाडा. एखाद्या जमातीची एकवट वस्ती तोही वाडा : कुंभारवाडा, महारवाडा, कोळीवाडा. आणि सरदार, वतनदार, सावकार यांचे चौसोपी घर तोही वाडाच. एकच शब्द धन्याच्या घराला आणि त्या घराची सेवा करणाऱ्यांच्या वस्तीला लावला जातो, हे मराठी समाजरचनेचे एक अर्थपूर्ण चिन्ह आहे. दोन्ही ठिकाणी मूळ कल्पना कुंपणाची आहे. फरक एवढाच की एका कुंपणाच्या आत राहणे हा मान समजला जातो, आणि दुसऱ्याच्या आत राहणे ही मर्यादा ठरते.

या अर्थभेदाचा एक बोलका नमुना मुंबईच्या उपनगरांत, वर्सोव्यास पाहावयास मिळतो. वर्सोव्याचे स्थानिक मराठी नाव वेसावे. तेथे मासेमारीवर जगणाऱ्या कोळ्यांचा जुना कोळीवाडा आहे, आणि त्याला लागून 'सात बंगले' नावाचा भाग आहे. धनिकांनी समुद्रकिनारी हवा पालटण्यासाठी बंगले बांधले, त्यांवरून हे नाव पडले. दादाभाई नौरोजी यांनीही आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे वर्सोव्यासच काढली. पुढे बंगल्यांच्या जागी उंच इमारती आल्या. नाव मात्र पत्त्यात, बसच्या पाटीवर व लोकांच्या तोंडी टिकून राहिले. येथे 'वाडा' हा शब्द श्रमाने जगणाऱ्यांकडे राहिला आणि धनिकांच्या घरांनी 'बंगला' हा निराळा शब्द घेतला. कोळी हे बंगलेवाल्यांचे चाकर नव्हते, हे खरे. पण या ठिकाणी एक सामान्य नियम दिसून येतो. प्रतिष्ठेचे शब्द त्या प्रतिष्ठेच्या आधारापेक्षा अधिक काळ जगतात. घर पडते, नाव उरते, आणि त्या नावाने लोक पुढेही वागत राहतात.

धरणगावच्या वाड्यात नेमके हेच घडले आहे. तेथे नुसते नाव उरले आहे असे नाही, तर हुकूम करण्याची व हुकूम ऐकण्याची सारी भाषा उरली आहे. 'चिरेबंदी' हे विशेषणही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. घडीव दगडांनी, सांधा दिसू न देता केलेले बांधकाम ते चिरेबंदी. अशा भिंतीचा एक चिरा निखळला की भार लगतच्या चिऱ्यांवर पडतो. चाकरांचा चिरा निखळल्यावर भार कोणत्या चिऱ्यांनी पेलला, हे पाहणे म्हणजेच या नाटकाचे वाचन करणे होय.

३

वाड्यातून चाकर गेले कसे, याचा इतिहास नाटकात सांगितलेला नाही. तो प्रेक्षकाला ठाऊक आहे असे नाटककार धरून चालतो. नव्या पिढीच्या वाचकासाठी मात्र तो थोडक्यात नमूद करणे आवश्यक आहे.

देशपांडे हे मुळात आडनाव नसून पद आहे. परगण्याचा महसुली हिशेब ठेवणारा वतनदार तो देशपांडे. त्याच्या जोडीला देशमुख. हे वतन वंशपरंपरेने चाले, आणि वतनाबरोबर मान, जमीन व माणसे येत. माणसे येत असे म्हणण्याचे कारण असे की बलुतेदारीच्या व्यवस्थेत गावच्या कारू-नारूंची सेवा ही केवळ पैशाने विकत घेतलेली गोष्ट नसे. धान्याच्या वाट्यावर व वतनी हक्कांवर ती पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली असे. त्याशिवाय सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर शेतात व गोठ्यात राबणारे गडी, आणि घरातील आश्रित माणसे. मोठ्या घरात मृत्यू झाला म्हणजे या साऱ्या व्यवस्थेची खरी ओळख पटे. परगावच्या आप्तांना मृत्यूचा सांगावा पोचविणे आणि सरणासाठी लाकूड आणणे ही कामे परंपरेने महारांकडे असत. धन्याच्या घरचा शोक अशा प्रकारे दुसऱ्यांच्या पायांनी गावोगाव चालत जाई आणि दुसऱ्यांच्या खांद्यांवरून स्मशानात पोचे.

ही व्यवस्था विदर्भात एका पिढीच्या आत मोडली. मध्यप्रदेश शासनाने १९५० मध्ये मालगुजारी व तत्सम मालकी हक्क रद्द करणारा कायदा केला व १९५१ पासून तो अमलात आला. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झाला. १९५८ मध्ये विदर्भासाठी कूळकायदा आला. त्याच वर्षाच्या कायद्याने महारकीसारखी कनिष्ठ गाववतने नष्ट करण्यात आली. १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्याने जमिनीच्या धारणेवर कमाल मर्यादा घातली. या कायद्यांच्या जोडीला, किंबहुना त्यांहून अधिक महत्त्वाची, एक घटना घडली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. त्यानंतर गावोगावच्या महार समाजाने मेलेली गुरे ओढण्यासारखी परंपरागत हीन कामे सोडून देण्याचा क्रम अधिक नेटाने चालविला. कायद्याने जमीन गेली आणि स्वाभिमानाने सेवा गेली, असे या स्थित्यंतराचे सूत्र सांगता येईल. यांपैकी पहिल्या हानीविषयी वाड्यातील माणसे उघड बोलतात. दुसरीविषयी ती बोलत नाहीत. ती त्यांच्या रोजच्या जगण्यात दिसते.

अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर हे या नाटकातील सर्वांत प्रसिद्ध चिन्ह. समीक्षकांनी त्यास फसलेल्या आधुनिकतेचे प्रतीक मानले आहे. त्यात भर घालून असे म्हणावेसे वाटते की ट्रॅक्टर ही गड्यांच्या जागी आणलेली वस्तू आहे. सालदार उरले नाहीत म्हणून यंत्र आले. पण यंत्राला 'अरे' म्हणून हाक मारता येत नाही, त्याची निगा स्वतःच्या हातांनी राखावी लागते. हात चालविण्याची सवय नसलेल्या घरात यंत्र गंजणार हे ओघानेच आले.

४

नाटकाचा काळ तात्याजींच्या मृत्यूनंतरच्या सुतकाचा व दिवसकार्याचा आहे. मुंबईस असलेला सुधीर आणि त्याची कोकणस्थ पत्नी अंजली उशिरा येऊन पोचतात, आणि मग तेराव्याच्या खर्चाचा प्रश्न उभा राहतो. घराण्याच्या लौकिकाला साजेल असे जेवण गावाला घालावयाचे की परिस्थिती ओळखून ते आवरते घ्यावयाचे, या वादात भावांचे संबंध ताणले जातात. हा वाद पैशाचा आहे असे वरवर दिसते. परंतु तेराव्याचे गावजेवण ही वाड्याच्या दृष्टीने एक सामाजिक घोषणा असते. वर्षभर गावाने वाड्याची सेवा करावयाची आणि अशा प्रसंगी वाड्याने गावाला जेवू घालावयाचे, असा तो जुना व्यवहार होता. त्यातील पहिली बाजू केव्हाच बंद पडलेली आहे. दुसरी चालू ठेवण्याचा भास्करचा अट्टहास आहे. सेवा मिळत नसता दातृत्व चालू ठेवणे म्हणजे गेलेल्या मालकीचा आभास विकत घेणे होय, आणि तो विकत घेण्यासाठी कर्ज काढावे लागते.

सुतकाची आणखी एक बाजू येथे लक्षात घेतली पाहिजे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने अशौच म्हणजे घरातील माणसांना काही काळ लाभलेली अस्पृश्यता. त्या दिवसांत कुटुंब समाजापासून अलग राहते, आणि नेहमीचे व्यवहार थांबवून शोकाला सवड करून देणे हा त्या अलगपणाचा एक हेतू असतो. पण सवड ही फुकट मिळत नाही. एकाने रडत बसावे म्हणून दुसऱ्याने पाणी भरावे लागते. चाकर असलेल्या घरात हे दुसरे माणूस घराबाहेरचे असते, म्हणून घरातील सर्वांना शोक करता येतो. धरणगावच्या वाड्यात ते माणूस घरातलेच आहे. यास्तव तेथे शोक करणारे आणि शोकाची सोय करणारे अशी एकाच रक्ताच्या माणसांची फाळणी झालेली आहे.

या फाळणीची खूण पात्रांच्या नावांतच सापडते. आई, दादी व वहिनी या तिघींना नाटकात नात्याची नावे आहेत. त्या नात्याच्या जागी उभ्या आहेत आणि त्या जागेची कामे त्यांना ठरवून दिलेली आहेत. भास्कर, सुधीर, अंजली, प्रभा यांना पूर्ण नावे आहेत. चंदू मात्र वयाने वाढलेला असूनही चंदूच आहे. लहान केलेले नाव मराठीत दोन प्रकारच्या माणसांना आयुष्यभर चिकटते : लाडक्या मुलाला आणि घरगड्याला. जुन्या मुंबईत कोकणातून आलेल्या घरगड्याला त्याचे खरे नाव काही असले तरी 'रामा' म्हणून हाक मारण्याची पद्धत होती. हाक मारणाऱ्याच्या सोयीसाठी माणसाचे नाव आखूड होते. चंदूच्या नावात लाड व चाकरी हे दोन्ही अर्थ मिसळले आहेत, आणि त्याचे सारे दुःख या मिश्रणात आहे. तो वाड्याचा वारसदार आहे, तरी आंधळ्या, जराजर्जर दादीला उचलून नेण्यापासून घरातील पडेल ते काम तोच करतो. त्याला पगार नाही, कारण तो मुलगा आहे. आणि त्याला मत नाही, कारण तो गडी आहे.

या संदर्भात मराठी घरांतील आज्ञार्थाच्या वापराकडे लक्ष वेधणे उपयुक्त ठरेल. व्याकरणात आज्ञार्थाची रूपे शिकविली जातात ती 'कर', 'करा' अशी. परंतु चाकरमाणसांनी भरलेल्या घरात प्रत्यक्ष आज्ञार्थाची फारशी गरज पडत नाही. 'अजून दिवे लागले नाहीत', 'पाणी तापले का', 'गाईचे राहिलेच' अशी साधी विधाने वा प्रश्न पुरेसे होतात. या वाक्यांत कर्ता नसतो, किंवा असलाच तर निर्जीव असतो. कर्ता सांगण्याचे कारण नसते; तो ठरलेला असतो आणि ओसरीच्या टोकाला उभा असतो. अशा वाक्यरचनेस सोयीसाठी 'कर्तृहीन आज्ञा' म्हणता येईल. बोलणाऱ्याला हुकूम केल्याचे पाप लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला नकार देण्यास जागा राहत नाही, हे तिचे सामर्थ्य.

आता अशा घरातून चाकर गेले असे समजावे. वाक्ये बदलत नाहीत, कारण भाषेच्या सवयी घरातील माणसांपेक्षा चिवट असतात. दिवे लागले नाहीत असे कोणीतरी म्हणतच राहते. त्या वाक्यातील रिकामी कर्त्याची जागा भरणे मात्र आता कोणाच्या तरी अंगावर येते, आणि जो सर्वांत कमी बोलतो त्याच्या अंगावर ती येते. चंदू हा वाड्याच्या भाषेतील हा रिकामा कर्ता आहे. तो वाद घालत नाही, हक्क मागत नाही. त्याच्या पायाला झालेली जखम चिघळत जाते आणि घरातील मोठ्या वादांच्या गदारोळात तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रेक्षक ही घटना दुर्लक्षाची म्हणून पाहतो. वस्तुतः ती स्थानाची आहे. धन्याच्या दुखण्याने घर थांबते, गड्याच्या दुखण्याने फक्त काम थांबते, आणि काम थांबले म्हणजेच ते ध्यानात येते.

वहिनी व प्रभा यांच्या वाट्याला याच सेवेचा स्त्रियांसाठी राखून ठेवलेला भाग आला आहे. 'मोलकरीण' या शब्दात 'मोल' आहे. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. सुनेचे व अविवाहित मुलीचे काम तेच असते, त्यातील मोल तेवढे वगळलेले असते. दागिन्यांचा प्रसिद्ध प्रसंग या दृष्टीने पाहिला पाहिजे. रात्री घराण्याचे सोने अंगावर चढवून वहिनी उभी राहते, तेव्हा ती हावरी आहे किंवा वैभवाची भुकेली आहे एवढेच म्हणून भागणार नाही. आपण या घराची मालकीण आहोत, राबणारी नव्हे, याचा एकमेव पुरावा तिच्या हाती त्या सोन्याच्या रूपाने असतो; तो अंगावर घालून पाहिल्याशिवाय तिचा स्वतःचाच विश्वास बसत नाही. पुढे रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर मुंबईस पळून जाते आणि सोने तिच्याबरोबर जाते. घराची अब्रू गेली असे पुरुष समजतात; वहिनीचे गेले ते तिच्या जन्मभराच्या श्रमांचे मोल.

प्रभेचा शोक याहून निराळा आहे. वडिलांनी तिचे शिक्षण अडविले, आणि आता त्याच वडिलांचे सुतक तिला पाळावयाचे आहे. घराण्यातील मुलीने बाहेर जाऊन शिकणे प्रतिष्ठेला शोभत नाही, परंतु तिने घरात राहून राबणे शोभते, असा त्या प्रतिष्ठेचा न्याय होता. तिला रडू येत नाही यात आश्चर्य नाही. ती तात्याजींच्या मृत्यूपेक्षा जुन्या मृत्यूचा शोक करीत आली आहे, आणि त्या मृत्यूला तेरावा नाही.

आईचा शोक सर्वांत शांत आहे, तर दादीला मुलाच्या मृत्यूचे भान उरलेले नाही. आतल्या खोलीतून येणारा दादीचा आवाज हा या वाड्याच्या जुन्या काळाचा आवाज. हाक मारली की कोणीतरी धावून येणार ही तिची श्रद्धा अढळ आहे, आणि कोणीतरी खरोखरच येते. धावून येणारा गडी नसून नातू आहे, हे कळण्याइतकी शुद्ध तिला नाही. आणि नाटकाची खोच अशी की ते कळले असते तरी त्यात काही बदल झाला नसता.

भाषेचा आणखी एक स्तर अंजलीमुळे उघड होतो. वाड्यातील बोलणे वऱ्हाडी वळणाचे आहे, अंजलीचे पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीचे. सुधीरला दोहोंत वावरावे लागते. अंजलीच्या भाषेत कर्ता उघड असतो, हिशेब उघड असतो. कोणी काय करावयाचे व कोणी किती द्यावयाचे हे ती नेमके विचारते. घरातील माणसांना ती कोरडी वाटते. परंतु या घरातील श्रमांची वाटणी अन्याय्य आहे हे दिसण्यासाठी लागणारे व्याकरण तिच्याजवळच आहे. नाटककाराने तिला सहानुभूती थोडी कमी दिली असली, तरी दृष्टी दिली आहे.

५

या नाटकाची तुलना चेखॉव्हच्या 'चेरी ऑर्चर्ड'शी वारंवार केली जाते, आणि ती अस्थानी नाही. जानेवारी १९०४ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरने रंगभूमीवर आणलेल्या त्या नाटकातही एक खानदानी घर आहे, मृत्यूची सावली आहे, कर्ज आहे, आणि मालमत्ता हातची जाणार हे दिसत असताना काहीही न करणारी माणसे आहेत. पण एका बाबतीत दोन्ही नाटके अगदी विरुद्ध टोकांना आहेत, आणि तुलना करणाऱ्यांनी नेमके तिकडे फारसे लक्ष दिलेले नाही. चेखॉव्हच्या घरात चाकर आहेत. दुन्याशा मालकिणीसारखे नाजूक होऊ पाहते. याशा पॅरिसची चव चाखून आल्याने स्वतःच्या आईलाही टाळतो. आणि सत्त्याऐंशी वर्षांचा फिर्स १८६१ च्या भूदासमुक्तीला आपत्ती मानून धन्याजवळच राहिलेला आहे. एकाच बदलाला चाकरांनी दिलेली ही तीन निरनिराळी उत्तरे आहेत. शेवटी घराला कुलूप लागते, सर्व निघून जातात, आणि फिर्स आत विसरला जातो. धन्यांचा शोक रंगमंचावरून निघून गेल्यावर चाकराचे मरण एकटे मागे उरते, आणि नाटकाचा अखेरचा शब्द चेखॉव्ह त्याला देतो.

'वाडा चिरेबंदी'त फिर्स नाही. त्याची जागा चंदूने घेतली आहे, आणि ही अदलाबदल साधी नाही. फिर्सला विसरणे हा वर्गाचा अपराध आहे. चंदूला विसरणे हा कुटुंबाचा. चेखॉव्हचा प्रेक्षक मालकांकडे दुरून पाहू शकतो. एलकुंचवारांच्या प्रेक्षकाला तसे करता येत नाही, कारण त्याच्याही घरात असा एखादा चंदू, अशी एखादी प्रभा असते, आणि तिच्या श्रमांना त्याने आजवर प्रेम हे नाव दिलेले असते. मराठी नाटकाने येथे चेखॉव्हच्या पुढे एक पाऊल टाकले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. गडी गेल्यावर गडीपण कोठे जाते, हा प्रश्न त्याने विचारला आहे.

परंतु याच ठिकाणी नाटकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. जे चाकर वाडा सोडून गेले त्यांचे काय झाले, आणि त्यांना जाताना काय वाटले, याला या नाटकात जागा नाही. मराठी वाङ्मयाला ही उणीव नवी नाही. खानदानी घरांच्या आपल्या कथांत चाकर बहुधा दोनच रूपांत येतो, इमानी वा फितूर. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्या हकीकतीत चापाजी टिळेकर धन्याबरोबर प्राण देतो आणि तुळाजी पवार मारेकऱ्यांस मिळतो. दोघांचेही अस्तित्व धन्याच्या मृत्यूपुरते आहे. एलकुंचवारांनी ही ठरीव रूपे टाळली, हे त्यांच्या संयमाला साजेसे झाले. मात्र रूपे टाळताना माणसेही टळली.

ती माणसे मराठी साहित्यात दुसऱ्या वाटेने आली. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये. म्हणजे 'वाडा चिरेबंदी' ज्या काळात लिहिले व खेळले गेले, त्याच काळात गावाच्या दुसऱ्या टोकावरच्या वाड्याने आपली कथा स्वतः सांगावयास प्रारंभ केला होता. त्या लेखनात चिरेबंदी वाडा बाहेरून दिसतो : दाराबाहेर ताटकळणाऱ्यांच्या, शिळे मागून नेणाऱ्यांच्या डोळ्यांनी. तेथेही शोक आहे, पण तो गेलेल्या वैभवाचा नाही. तो फुकट गेलेल्या पिढ्यांचा आहे. आणि तेथे बदल म्हणजे ऱ्हास नव्हे, तर सुटका आहे. एकाच घटनेला एक वाडा मृत्यू म्हणतो आणि दुसरा जन्म म्हणतो. विद्यार्थ्यांनी या कृती शेजारी ठेवून वाचाव्यात. निवाडा देण्याची त्यात आवश्यकता नाही. एकीतील मौन दुसरीत बोलके होते, एवढे लक्षात आले तरी पुरे.

यावर असा आक्षेप येण्याचा संभव आहे की नाटककाराने जे लिहिले नाही त्याचा जाब त्यास विचारणे अयोग्य आहे. आक्षेपात तथ्य आहे. एलकुंचवार स्वतः यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याच्या जमीनदार घराण्यातील. ज्या घराच्या भिंती त्यांना आतून ठाऊक होत्या त्यांविषयी त्यांनी लिहिले, आणि ठाऊक नसलेल्या मनाचे सोंग आणले नाही. कलावंताचा हा प्रामाणिकपणा होय. परंतु समीक्षकाचा प्रामाणिकपणा वेगळा आहे. नाटक आतून लिहिलेले असले, तरी ते आतूनच वाचले पाहिजे असा नियम नाही. आजवरच्या समीक्षेने वाड्याबरोबर हळहळून घेतले; ती हळहळ कोणाच्या श्रमांवर उभी होती हे विचारण्याचे तिने बहुतेक टाळले. परिणामी चंदूविषयी दया व्यक्त झाली, पण चंदूचे स्थान समजून घेतले गेले नाही.

६

त्रयीच्या पुढील दोन भागांचा येथे सविस्तर परामर्श घेण्याचे कारण नाही. एवढेच सांगितले पाहिजे की पहिल्या भागातून काढलेला निष्कर्ष त्यांनी पक्का होतो. 'मग्न तळ्याकाठी'त वाड्यात परागच्या कर्तबगारीने पुन्हा पैसा आलेला आहे, तरी मनांची जुनी रचना पैशाने बदलत नाही. 'युगान्ता'त गाव दुष्काळाने उजाड झाले आहे, आणि पराग व परदेशातून परतलेला अभय हे चुलतभाऊ उरलेल्या अवशेषांत बसून बोलतात. हाक मारावी असे कोणी उरत नाही, तेव्हा कोठे दोन माणसे एकमेकांशी बरोबरीने बोलू लागतात. त्यासाठी आधी सारे संपावे लागते.

तात्पर्य, 'वाडा चिरेबंदी' हे घराण्याच्या ऱ्हासाचे नाटक आहे त्याहून अधिक ते सेवेच्या स्थलांतराचे नाटक आहे. ज्या श्रमांवर वाडा उभा होता ते श्रम करणारी माणसे स्वाभिमानाने बाहेर पडली. वाड्याने आपली रीत न बदलता ते श्रम स्वतःच्या दुबळ्या माणसांवर लादले. आणि तात्याजींच्या मृत्यूने ही गोष्ट तेरा दिवसांपुरती उघडी पडली. शोक हा समतेने वाटला जात नाही, हे या नाटकाचे सत्य आहे. ते सत्य केवळ वाड्यांना लागू नाही. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही घरात कोणी मृत्यू पावले म्हणजे कोण बैठकीत बसतो आणि कोण स्वयंपाकघरात उभे राहते, हे पाहिले असता त्याची प्रचीती येईल. यापुढील अभ्यासकांनी या नाटकाच्या भाषेचा, विशेषतः त्यातील संबोधने, सर्वनामे व आज्ञार्थ यांच्या वाटणीचा पात्रवार अभ्यास केल्यास वरील प्रतिपादनाची अधिक काटेकोर पारख होऊ शकेल.